पिवळी ओळ

स्क्रीनवर पिवळी ओळ आली होती: मूळ जागेशी संपर्क नाही, जुनी प्रत वापरली. साइट चालत होती, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला. मांडीवर बाळ रडत असताना पिवळ्याकडे कोण बघतं? लाल झालं की बघायचं.

दोन दिवसांनी लाल झालं. बालरुग्णालयाची नावनोंदणीची साइट नव्या सर्व्हरवर चढवली आणि ती उठेचना. एक मॉड्यूल, म्हणजे साइटच्या प्रोग्रॅमचा सुटा भाग, तिला सापडत नव्हतं. नाव, जागा, आवृत्ती सगळं तपासलं. माझ्या लॅपटॉपवर तेच गुण्यागोविंदानं चालत होतं. मग उलगडलं. ते मॉड्यूल मास्तरांनी लिहिलेलं. मास्तर म्हणजे आमच्यातले सर्वांत वयस्कर, घरून काम करणारे, एकटे. साइट चढवताना ते मॉड्यूल दर वेळी त्यांच्या घरच्या संगणकावरून यायचं; ऑफिसात आणून ठेवायचं काम कायम उद्यावर ढकललेलं. माझ्या लॅपटॉपवर त्याची जुनी प्रत होती, नव्या सर्व्हरवर नव्हती, एवढंच.

मॅनेजर म्हणाले, तुझ्याकडची प्रत टाक आणि मोकळी हो. टाकली. साइट उठली. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले.

"सर, पण मास्तरांचा संगणक बंद का?"

"रजेवर आहेत ना गं ते. केला असेल बंद."

"ते कधीच बंद करत नाहीत. परवा ती पिवळी ओळ आली, तेव्हापासून बंद आहे."

मास्तरांचा फोन नुसता वाजत होता. मग मात्र मॅनेजरनी त्यांच्या इमारतीच्या वॉचमनला गाठलं. दार फोडावं लागलं. मास्तर टेबलाशेजारी पडले होते. पडताना वायर ओढली गेली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ सुकलेले, पण शुद्धीवर.

आता ते घरी आहेत, काठी घेऊन. काम सोडलंय. मॅनेजरच्या सांगण्यावरून मी ते मॉड्यूल ऑफिसच्या सर्व्हरवर कायमचं ठेवलं. काम चोख झालं. मास्तरांचा संगणक महिनाभर बंद राहिला तरी कुठे काही अडणार नाही, कुठलीही ओळ उमटणार नाही.

मी फोन करते. "मी चालू आहे गं अजून. तू लेकराकडे बघ," म्हणून ठेवून देतात. पण बाळाला ताप आला की माझा फोन राहतो, आणि मी राहते दुसऱ्या गावात.

तुमच्या जिन्यावर असं कुणी एकटं राहत असेल, तर वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं तेवढं दार वाजवून या.