डोळे भरणारीचं चित्र

तापीकाठच्या त्या गुजर घरात सकाळच्या भाकरी उरकल्या, की जसोदाबाई धाकट्या सुनेला रोज एकच गोष्ट सांगायच्या. "दार लाई ले व. कोन्ही देखाले नको."

दाराआड कामिनी काही चोरी करत नव्हती. ती चित्रं काढत होती.

लग्न होऊन आली तेव्हापासून गावातल्या लग्नघरांच्या भिंती तिच्याच हातच्या. गणपती, केळीचे खांब, वाजंत्री, नवरानवरी. मग केळीच्या बागेत मोटारीचा शॉक लागून तिचा नवरा योगेंद्र गेला, आणि त्या दिवसापासून तिचा हात अशुभ ठरला. पण भिंती तर रंगायला हव्यात! दुसऱ्या कुणाला गणपतीची सोंडसुद्धा धड जमत नव्हती. तेव्हा गावानं तोड काढली. कामिनीनं आदल्या दिवशी लग्नघराचं दार लावून भिंत रंगवायची, फक्त चेहऱ्यांत डोळे काढायचे नाहीत. डोळे सवाष्णीनं भरायचे. आणि जिनं डोळे भरले, तिचं चित्र. वा रे न्याय! राबून राबून कामिनीची बोटं आखडायची आणि कौतुक दोन ठिपके देणारीचं. लग्नाच्या दिवशी मात्र कामिनीनं मांडवाकडे फिरकायचं नाही. तिचं ताट मागच्या दारानं घरी पोचतं व्हायचं, तेही कुणाला आठवलं तर.

डोळे भरायचा मान थोरल्या सुनेचा, मयूरीचा. ती वाईट नव्हती. पण बायका तोंडभरून वाखाणायच्या तेव्हा ती गप्प राहायची, आणि गप्प राहायची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत.

अशाच एका लग्नात मुंबईचे उमाकांत आले होते. लंडनमधल्या एका गॅलरीसाठी ते इकडच्या कलावंतांची चित्रं जमवायचे. भिंत पाहून त्यांनी विचारलं, "कुणाचा हात?" मयूरीचा नवरा हेमकांत छाती फुगवून म्हणाला, "मन्ही घरवालीना!" मग कापडावर चित्रं मागवली गेली. कामिनी काढत गेली, मयूरी डोळे भरत गेली, आणि तिकडे साहेबलोकांच्या दिवाणखान्यांत मयूरीच्या नावाची चित्रं लागली. हेमकांतनं तर गावच्या चौकात बायकोच्या अभिनंदनाचा बोर्डही लावून घेतला. लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊक नसावं.

या खेपेला कामिनीनं स्वतःचं लग्न काढलं होतं. नवरदेवाचा फेटा एका बाजूला कललेला, हनुवटीवर खळी. योगेंद्रच तो. चित्र पुरं झालं आणि सकाळी चुलीपाशी तिनं सासूला विचारलं, "आई, हाई एकच चित्र. त्यासना डोया मी काढू?"

"जीभ झडी जाई तुन्ही!" जसोदाबाई कडाडल्या. "मन्हा एक पोऱ्या गया. आते हेमकांतवर बी उठनी का तू?"

कामिनीनं एवढ्या वर्षांत काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एवढंच, की चित्रातल्या नवऱ्याचे डोळे तिला काढू द्यावेत, आणि तेही नाकारलं गेलं. रडू आलं तिला, पण धूर लागल्याचं सोंग करून तिनं डोळे पुसले.

दुपारी उमाकांत कॅमेरा घेऊन हजर. सवाष्णीनं डोळे भरायची प्रथा तिकडच्या लोकांना भलतीच आवडली होती, म्हणून प्रदर्शनासाठी तेवढंच चित्रण करायचं होतं. मयूरीला पैठणी नेसवली होती. जसोदाबाई कौतुकानं उंबऱ्यात बसल्या होत्या. कामिनीला मागच्या खोलीत बसवलं होतं.

"घ्या मयूरीताई, सावकाश," उमाकांत म्हणाले.

मयूरीनं ब्रश उचलला, नवरदेवाच्या चेहऱ्याजवळ नेला आणि ती थांबली. हनुवटीवरची खळी तिनं ओळखली होती.

"हाई ते योगेंद्रभाऊ शेतस," ती म्हणाली.

"मग? भर ना!" हेमकांत दातओठ खात पुटपुटला.

"मी नही भरस. हाई तिना नवरा शे." मयूरीनं ब्रश खाली ठेवला. मग ती उमाकांतांकडे वळली. "उमाकांतभाऊ, मी एक बी चित्र काढेल नही. सगळं कामिनीनं शे. मी फुकटनं नाव लिधं."

"डोकं फिरनं का तुन्हं?" हेमकांत अंगावर धावला. जसोदाबाईंनी कपाळ बडवून घेतलं. मयूरी मात्र मागच्या खोलीत गेली आणि कामिनीला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

आता वाटेल, शहरचा शिकलेला माणूस, तो तरी शरमला असेल. कसचं काय! उमाकांतांनी कॅमेरा बंद केला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, कॅटलॉग छापून झालाय. नाव आता बदलता येणार नाही. पण कामिनीताई, तुमचीही गोष्ट मोठी आहे हं! पुढच्या वर्षी आपण विधवेची चित्रं म्हणून वेगळं प्रदर्शन करू. तुमच्याकडे एखादी पांढरी साडी आहे का? फोटोपुरती?"

म्हणजे गावानं तिला दाराआड कोंडलं, आणि हा तिला पांढरी साडी नेसवून काचेत मांडणार! सांगा, दोघांत डावंउजवं काय करायचं?

कामिनीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं ब्रश उचलला, सासूच्या, दिराच्या, साऱ्यांच्या देखत चित्रासमोर बसली आणि योगेंद्रचे डोळे काढले. मग नवरीचे. जसोदाबाई ओरडत होत्या, "बंद कर व, बंद कर!" हेमकांत तिथंच उभा होता, धडधाकट. त्याला काहीसुद्धा झालं नाही.

कोपऱ्यात तिनं आपलं नाव लिहिलं. मग म्हणाली, "ली जानं व्हई ते ह्याच नावनं ली जा. नही ते आठेच ऱ्हावू द्या."

उमाकांतांनी ते नेलं नाही. आधीची चित्रं लंडनच्या प्रदर्शनात मयूरीच्याच नावानं लागली. मयूरीनं गॅलरीला खरं काय ते दोनदा कळवलं. उत्तर आलं नाही. घरात हेमकांत बायकोशी बोलेनासा झाला. पण दोघी जावांनी ते चित्र ओसरीवर टांगलं आणि कामिनीच्या खोलीचं दार तेव्हापासून उघडं असतं.

उन्हाळ्यात गल्लीतल्या नथ्थूच्या मुलीचं लग्न निघालं. नथ्थूची बायको रमिलाबाई भिंतीचं विचारायला आली. मयूरी म्हणाली, "कामिनी काढी, डोया बी तीच भरी. आनि दार उघडं ऱ्हाई. चालस का?"

रमिलाबाई आल्या पावली परत गेली.

लग्नाच्या दिवशी नथ्थूच्या भिंतीवर नंदुरबारहून छापून आणलेला फ्लेक्स होता. गणपती, केळीचे खांब, वाजंत्री, सगळं झगझगीत. खाली कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर ठळक अक्षरांत होता. तो कोण, कुठला, त्याच्या घरी कोण मेलं, कोण जिवंत आहे, हे मांडवातल्या एकानंही विचारलं नाही.