हिरवा चुडा

चैत्रातले ऊन माळावर निश्चल उभे होते. ताम्रवर्णी, तृषार्त माळ; निष्पर्ण बोरी; आणि त्या धूसर, निःशब्द विस्तारातून सिदाप्पा कासार एकटाच चालला होता. खांद्यावर बांगड्यांच्या माळा होत्या. हिरव्या, मोरपंखी, डाळिंबी. पावलागणिक त्या किणकिणत होत्या, आणि आज ती किणकिण त्याला सोसवत नव्हती.

सकाळी खिंडीपलीकडच्या गावात त्याने धुळाला पाहिले होते. धुळा मेंढका, कोकणातून कळप घेऊन घराकडे परतणारा, उंचापुरा, हसऱ्या डोळ्यांचा. वडाखाली तो आडवा होता. घोंगडी तोंडावरून ओढलेली. पहाटे कळपात नाग निघाला होता.

"आमी गाडीनं आणतो त्येला," सोबतचे मेंढके म्हणाले होते. "तुमी आदी पोचशिला, मामा. पर त्येच्या वाडीत बोलू नगा. त्येची अस्तुरी पोटुशी हाय."

वाडी टाळावी, असे त्याला फार वाटले. पण पायवाट वाडीतूनच जात होती, आणि किणकिण त्याच्याआधीच दारोदार पोहोचली होती.

धुळाची बायको गजरा उंबऱ्यात उभी राहिली. फळभाराने वाकलेल्या डहाळीसारखी मंथर, तृप्त, तेजस्विनी.

"बरं झालं आलासा, मामा! ह्यांचा सांगावा आलाय, आज-उद्या पोचत्यात. हात भरून हिरवा चुडा भरा."

"पुढल्या खेपंला भरू, लेकी. तुझं माप न्हाई आज."

"न्हाई कसं? ह्ये काय!" तिने स्वतःच हिरवी माळ ओढली, आणि हसत दोन्ही हात पुढे केले.

ते हात त्याने हाती घेतले. उष्ण हात. विश्वासाने सैल सोडलेले हात. एक बांगडी चढली, हिरवी. दुसरी चढली, हिरवी. कोवळ्या गव्हासारखी, पोपटाच्या पंखासारखी, पाण्याखालच्या शेवाळासारखी हिरवाई मनगटावरून वर वर चढत गेली. सूर्यास्ताआधी कुणाचा तरी दगड या हिरवाईवर पडणार होता. एकही बांगडी टिचली नाही. टिचली असती तर, त्याला वाटले, थोडे थांबता आले असते.

चुडा भरून झाला. रीतीप्रमाणे गजरा पदर घेऊन कासारापुढे वाकली.

दारोदारी, आयुष्यभर, ओठांवर आपसूक येणारा तो आशीर्वाद. अखंड सौभाग्याचा. आज तो त्याने उच्चारला नाही. उरलेल्या माळा तो आवरू लागला.

ती वाकलेलीच राहिली. वाट पाहत राहिली. मग सावकाश तिने मान वर केली.

"मामा, आशीर्वाद का द्येत न्हाईसा?"

सिदाप्पाने खिंडीकडे तोंड फिरवले. त्याच्या पांढऱ्या दाढीतून आसवे ओघळत होती. गजराने ती पाहिली.

"कुटं भेटलं तुमास्नी?" तिचा आवाज मातीइतका कोरडा झाला. "जित्तं हायेत का?"

"लेकी..." तो म्हणाला, आणि त्याने डोईचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले.

ती किंचाळली नाही. उंबऱ्यावर खाली बसली, आणि चुड्याने भरलेले दोन्ही हात तिने पदराखाली, पोटाशी, घट्ट लपवले. कुणी हिसकावून नेईल म्हणून मूल लपवावे तसे. शेजारच्या बाया येऊन बसल्या. चुडा फोडायला कुणी हात मागितले नाहीत. कासारही उठला नाही.

दिवस कलला. खिंडीत धूळ उठली. रक्तवर्णी, मंद, विस्तीर्ण. धुळीतून बैलगाडी उतरली. आणि गाडीमागून, कुणी हाकत नसताना, माना खाली घालून, एकही न बेंबाटता, सगळा कळप काळवंडत्या माळावर उतरत राहिला.