गवसणी जमा होत नाही

"परत वाच," चिमा म्हणाली.

दीपालीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि शाळेत धडा वाचावा तसं एका सुरात वाचलं, "शस्त्रे, दारूगोळा आणि शस्त्रांसोबत वापरायच्या वस्तू येथे विकता येत नाहीत. तुमचे दुकान बंद करण्यात आले आहे."

"आणि खाली?"

"खाली हसरा चेहरा काढलाय, आई. आमची सेवा कशी वाटली, म्हणून विचारतायत."

"मग सांग, बरी वाटली म्हणून," असं म्हणून चिमाने सुई जाड कापडातून आरपार ओढली.

सून चिडली होती. सासूला मात्र चिडायचंसुद्धा सुचत नव्हतं. पंधरा दिवस तिचं असंच चाललं होतं. भात करायचा, मशीन पुसायचं, मोबाइल वाजला की दीपालीच्या तोंडाकडे बघायचं. रडू येईल येईल म्हणून तिने वाट बघितली, पण तेही आलं नाही.

चिमा बंदुकीच्या गवसण्या शिवायची. बंदूक म्हटलं की माणसांना सिनेमातला डाकू आठवतो. पण रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत बंदूक म्हणजे काय, तर बागेत शिरलेल्या डुकरांना नि वानरांना पळवायला परवाना काढून घेतलेली, खुंटीवर टांगलेली एक म्हातारी नळी. तिला धूळ लागू नये, खारा वारा लागू नये म्हणून गवसणी. बाहेर ताडपत्रीसारखं जाड कापड, आत मऊ फ्लॅनेल, एका अंगाला चेन. नवरा गेला त्या वर्षी चिमाने त्याच्या मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला, त्याला आता एकतीस वर्षं झाली. तिने आयुष्यात एकदाही बंदूक उडवली नव्हती. तिच्याकडे एक बांबूची काठी होती, तिच्यावर खाचा. दस्ता इथपर्यंत, घोडा इथे, नळी एवढी. त्या काठीवर अख्ख्या तालुक्याच्या बंदुका मावायच्या.

आणि प्रत्येक गवसणीच्या तोंडावर एक झडप, तिच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने मालकाचं नाव. ही तिचीच युक्ती. निवडणूक आली की सगळ्यांना बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन ठेवाव्या लागायच्या. परत घेताना भिंतीला टेकलेल्या पन्नास बंदुकांतून आपली ओळखायची कशी? तर झडप उलटायची आणि नाव वाचायचं. एकाची बंदूक दुसऱ्याच्या घरी गेली, असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं.

पुढे पोरं मुंबईला गेली, म्हाताऱ्यांनी परवाने परत केले, गवसण्या कुणाला हव्यात? दोन वर्षांपूर्वी दीपालीने फोटो काढून त्या विक्रीच्या एका अ‍ॅपवर टाकल्या, तर काय, थेट नागपूर, कर्नाटकातलं कोडगू, कुठून कुठून मागण्या! दीपाली कागदावर नावं काढून द्यायची आणि चिमा कधी न बघितलेल्या माणसांची नावं लाल दोऱ्याने शिवायची. एकाने तर लिहिलं होतं, टाके बघून आजी आठवली. ते तिने दीपालीकडून चार वेळा वाचून घेतलं होतं.

आणि आता हे. दीपालीने दोनदा विनवणीचा अर्ज पाठवला. दोन्ही वेळा मिनिटभरात नकार.

"मिनिटात एक टाका तरी बघून होतो काय गो?" एवढंच चिमा म्हणाली होती.

"मग छत्रीची पिशवी म्हणून टाकू नव्या नावाने. कोण बघतोय?"

"एवढी छत्री कुणाची, भीमाची? आणि नाव बदलून विकायला ती काय चोरीची हाय?"

तिसऱ्या अर्जाला मात्र वेगळं उत्तर आलं. ही वस्तू शस्त्र नाही असा सरकारी कागद जोडा, मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर दुकान कायमचं बंद.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. गोळप गावचे दत्तात्रेय करंदीकर उतरले, खांद्यावर जुन्या फाटक्या गवसणीत बंदूक. तालुक्यात त्यांना सगळे अण्णाच म्हणत.

"झाली का गो चिमाबाई?"

"शेवटचा टाका, अण्णा. बसा."

"मुकुलने पुण्याहून सांगितलंन, बाबा, परवाना पुरे आता. बरोबर आहे त्याचं. हात थरथरतात. परवा वानर राहिला बाजूला, मी माझीच पाण्याची टाकी फोडली." अण्णा स्वतःच हसले. "आज जमा करून टाकतो. कायमची. पण उंदरांनी हिच्या गवसणीची पार लक्तरं केली. म्हटलं, जाताना तरी धड कपड्यात जाऊ दे."

चिमाने दोरा दातांनी तोडला. कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा तिला कळलं की सुई अंगठ्यात गेली होती. त्या अंगठ्याच्या टोकाला आता काही कळतच नसे. तिने ठिपका ओल्या फडक्याने पुसला, बंदूक नव्या गवसणीत सरकवली. चेन एका दमात वर गेली.

दीपाली चपला घालून उभीच होती. "आई, आपण पण जाऊया यांच्याबरोबर. पोलिसांपेक्षा सरकारी कागद कुणाचा?"

ठाण्यात संदेश नावाचा तरुण हवालदार टेबलाशी होता. त्याने अण्णांना खुर्ची दिली, चेन उघडली, बंदूक बाहेर काढली. नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, घोड्याला चिठ्ठी बांधली आणि बंदूक मागच्या खोलीत ठेवून आला. मग अण्णांपुढे पावती ठेवली. पावतीवर गवसणी.

"ही न्या, आजोबा."

"ती तिचीच आहे. राहू दे तिच्याबरोबर."

"गवसणी जमा होत नाही. फक्त शस्त्र."

"निवडणुकीला ठेवून घेता की!"

"तेव्हा बंदूक परत द्यायची असते," संदेश हळूच म्हणाला. "आता कुणाला द्यायची?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

दीपाली पुढे सरसावली. "म्हणजे हे शस्त्र नाय?"

"वहिनी, हे कापड आहे."

"एवढंच लिहून द्या! खाली शिक्का. सहाच्या आत पाठवायचंय." तिने मोबाइलवरचा मजकूर त्याच्यासमोर धरला.

संदेशने तो दोनदा वाचला. त्याने झडप उलटून लाल नाव बघितलं. "ही नावं तुम्हीच शिवता, काकी? लय सोपं होतं आमचं काम." मग मान हलवली. "पण माझ्या सहीला काय किंमत? साहेब बंदोबस्ताला गेलेत, येतील सोमवारी. आणि खरं सांगू? कापड हे कापड आहे, असं लिहून द्यायचा नमुनाच नाही आमच्याकडे."

भिंतीवर पावणेसहा वाजले होते. दीपाली भांडायला तोंड उघडणार, तर चिमाने तिच्या दंडावर हात ठेवला.

"चल. चहा ठेवायचाय."

पायऱ्यांवर तिघं थांबली. अण्णांनी सवयीने गवसणीचा पट्टा खांद्यावर टाकला. ती आत वजन नसल्यामुळे चपटी झाली आणि घसरली. त्यांनी पुन्हा टाकली, पुन्हा घसरली. चेन उघडीच होती. झडप उलटी पडून लाल नाव बाहेर लोंबत होतं. दीपालीचा मोबाइल वाजला. मुदत संपत आली, एवढं वाचून तिने तो पर्समध्ये टाकला.

"थांबा, अण्णा."

चिमाने झडप आत दुमडली. त्या बधिर अंगठ्याने कड दाबून धरली आणि चेन खालपासून वरपर्यंत लावली, भरल्या गवसणीची लावतात तशी. पट्टा दोन भोकं आवळला, बक्कल बसवलं आणि अण्णांचा खांदा एकदा हाताने चाचपून बघितला.

"आता नाय पडायची."

अण्णा रिक्षाकडे चालू लागले, पट्टा मुठीत गच्च धरून, एका अंगाला थोडे कललेले.