पान्यांच्या शेजारी बायनाबाईची कवळी

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे, मोटरसायकलच्या सीटवरून दोन्ही अंगांनी लोंबणारी. गडचिरोलीत सीटकव्हर शिवणाऱ्या जुबेरभाईंनी ट्रकच्या फाटक्या ताडपत्रीतून मला शिवलं. सायलेन्सरच्या बाजूला आतून पत्रा लावला आणि म्हणाले, "धम्मदीपभाऊ, गाडी जळंल पन बॅग नाई जळनार!"

धम्मदीप धानोऱ्याकडचा. गावोगावचे सोलर पंप दुरुस्त करतो. पण माझ्या पोटात डोळे नाहीत. आत काय आलं ते अंगाला लागेल त्यावरून ओळखायचं, हा माझा जन्माचा चाळा. मोहफुलं ओळखली, कोंबडीची पिल्लं ओळखली. एके दिवशी मात्र चक्रावले. गुळगुळीत, वाकडं, आणि एका ओळीत दात! पण चावत नव्हतं.

ती धम्मदीपच्या आईची, बायनाबाईची कवळी होती. हिरडीला टोचायची म्हणून दातांच्या दवाखान्यातून घासून आणली होती. विहारात वंदना सांगायची ती बायनाबाईच. दात गेले, शब्द फसफसू लागले, पोरं हसली. तेव्हापासून ती गप्प. आता भाचीचं लग्न होतं आणि वंदना मावशीनेच सांगावी, असा नवरीचा हट्ट होता.

आणि या शहाण्याने कवळी कागदात गुंडाळून नटबोल्ट आवळायच्या पान्यांच्या कप्प्यात कोंबली! रस्त्याचं विचारू नका. खनिजाच्या ट्रकांनी तो खणून ठेवलाय, आणि मोठ्या गाडीतून फिरणाऱ्या साहेबांना धक्के लागत नाहीत. दर खड्ड्याला पाना उठायचा आणि कवळीवर बसायचा. मी बॅग, धरणार कशाने? घरी पोचलो तर दोन तुकडे.

त्याची बायको नूतन कडाडली, "काऊन जी, मोबाइल छातीशी धरता, आन् मायचे दात लोखंडात?"

"मले काय मालूम तुटन म्हणून!"

"पंपाचा काचेचा मीटर फडक्यात गुंडाळता, तवा बरं मालूम राह्यते!"

बायनाबाईने पदर तोंडाला लावला. "मी नाई येत लग्नाले," एवढंच कसंबसं बोलली.

लग्नाच्या सकाळी, सांधायला दिलेली कवळी आणायला नूतन स्वतः गाडीवर मागे बसून गेली. पाने घरीच काढून ठेवले. कवळी ओल्या फडक्यात, फडकं स्टीलच्या डब्यात, डबा थंड बाजूच्या कप्प्यात. बक्कल दोनदा ओढून पाहिलं. परतताना ट्रकने अशी हूल दिली की गाडी खड्ड्यात आदळली. मी कान लावला. डब्यातून चूं नाही. शाबूत आहे की मोडलीय? मला काही कळेना.

नूतनने डबा उघडून सासूच्या हातात दिला. बायनाबाई पाठ करून उभी राहिली. वऱ्हाड थांबलेलं. मग ती वळली आणि खणखणीत बोलली, "धम्मदीप! पुन्हा पाना आन् माहे दात एका जागी ठेवशीन, तर तुह्या तोंडातले काढून घेईन!"

सगळे खदखदून हसले. स्वतःच्याच तोंडून निघालेल्या त्या स्वच्छ शब्दांनी बायनाबाई क्षणभर थबकली. मग विहारात जाऊन तिने हात जोडले आणि वंदना सुरू केली. एकही शब्द फसफसला नाही.

मित्रांनो, मोठी माणसं हेल्मेट आरशाला टांगतात, चष्मा मागच्या खिशात दाबतात, आणि मोडलं की बॅगेला शिव्या देतात. तुम्ही तसे होऊ नका. लोखंड लोखंडापाशी ठेवा, नाजूक ते फडक्यात आणि डब्यात. माझी शिवण उसवलीय, तिला टाका घाला. निघण्याआधी माझ्यात एकदा हात घालून बघा. आत ठेवलेली चीज तुमच्यासाठी नुसती वस्तू असते. घरी वाट पाहणाऱ्याचं तोंड तिच्यावाचून बंद असतं.