पेनल्टीच्या वेळचा परवाना

एप्रिल महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी ठीक दोन वाजून दहा मिनिटांनी, वेस्ट यॉर्कशर परगण्यातील थॉर्नक्लफ गावी, बीकन टेरेस या चढणीच्या रस्त्यावरील सतराव्या क्रमांकाच्या घरात, माझा मेहुणा रेजिनल्ड क्रॅब्ट्री याने माझ्याकडे माझ्या दूरचित्रवाणी-परवान्याचा पुरावा मागितला.

"नंबर वाच," तो म्हणाला.

"अरे, मी तुझ्या बहिणीचा नवरा आहे. दारावर आलेला विक्रेता नाही."

"बहिणीच्या नवऱ्याचा परवाना कधी संपत नाही, असं कुठे लिहिलंय का, स्टॅन?"

मी कागद त्याच्या हाती दिला. त्याने चष्मा पुसला, क्रमांक पाहिला, पत्ता पाहिला, मुदतीच्या तारखेखालून नख फिरवले आणि मगच मला माझा टॅब त्याच्या टेबलावर ठेवू दिला. छत्तीस वर्षे त्याने रेल्वेच्या सिग्नलघरात काढली होती. रूळ मोकळा आहे असे कुणी नुसते तोंडाने सांगितले म्हणून त्याने आयुष्यात एकही गाडी सोडली नव्हती.

आमच्या देशात घरात थेट प्रसारण पाहायचे तर दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागतात, आणि त्यांवरच बीबीसीचा टीव्ही आणि रेडिओ चालतो. रेजने बारा वर्षांपूर्वी ते पैसे देणे बंद केले. फसवणूक करून नव्हे. तसे करणारे लोक आमच्या रस्त्यावर दोन-तीन आहेत आणि रेज त्यांच्याशी बोलत नाही. त्याने टीव्ही विकला, 'या घरात थेट प्रसारण पाहिले जात नाही' असे परवाना कार्यालयाला रीतसर लिहून कळवले, आणि ते पत्र मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी न चुकता पुन्हा पाठवत राहिला. त्याचे म्हणणे साधे होते. ज्याला पाव नको, त्याच्याकडून बेकरीवाल्याने पैसे मागू नयेत. माझे म्हणणे असे की, रस्त्यावरचा दिवा ज्याला नको असतो त्याच्याकडूनही आपण पैसे घेतोच, कारण अंधारात तोही धडपडतो. त्यावर तो म्हणे, "रस्त्यावरचा दिवा मला बंद करता येत नाही. टीव्ही येतो. मी केलाय." मग मी विचारी की, सकाळी सहापासून स्वयंपाकघरात रेडिओ बोंबलतो तो कुणाच्या पैशावर? तो म्हणे, रेडिओला परवाना लागत नाही, कायदा वाच. आणि माझी बायको एनिड, म्हणजे त्याची सख्खी बहीण, म्हणे, "फुकटचं ते पौष्टिक!" बारा नाताळ आम्ही याच वादावर जेवलो.

आज मात्र वाद नव्हता. आज फ्रेया खेळणार होती.

फ्रेया ही रेजची नात. वय तेवीस. सकाळी टपाल वाटते आणि संध्याकाळी आमच्या गावच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोल राखते. नऊ वर्षांची असल्यापासून तिचा प्रत्येक सामना रेजने गोलच्या जाळ्यामागे उभे राहून पाहिला होता. पावसात, गारपिटीत, एकदा तर ताप अंगात असताना. त्या पोस्टमन, नर्सा आणि शाळामास्तरणींच्या संघाने त्या वर्षी चषकाच्या स्पर्धेत एकामागून एक मोठे संघ लोळवले होते, आणि आता उपांत्य फेरीत, दोनशे मैल दूर, महानगरातल्या एका श्रीमंत संघाशी त्यांची गाठ होती. सामना बीबीसी थेट दाखवणार होती. रेडिओवर तो नव्हता. आणि रेजच्या खुब्याची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. त्याच्या दारापासून रस्त्यापर्यंत सव्वीस दगडी पायऱ्या आहेत, आणि डॉक्टरांनी एकही उतरायची नाही असे बजावले होते.

शुक्रवारी जाताना फ्रेयाने त्याच्या गळ्यात हात टाकून विचारले होते, "आजोबा, मागे तू नसशील. पण बघशील ना?"

"बघेन," रेज म्हणाला होता.

तो शब्द देऊन बसला होता, आणि पैसे देणार नाही हेही बारा वर्षे सांगून बसला होता. शुक्रवारची रात्र त्याने नियमांची सगळी पाने चाळण्यात घालवली, आणि शनिवारी सकाळी फोनवर मला कलम वाचून दाखवले: ज्याच्या घराला परवाना आहे, त्याने आपले उपकरण दुसऱ्याच्या घरी नेले आणि ते केवळ स्वतःच्या अंतर्गत बॅटरीवर चालले, तर त्याच्याच घरचा परवाना त्याला पुरतो. भिंतीतल्या विजेला जोडले, की पुरत नाही.

"म्हणजे तू तुझा टॅब घेऊन ये," तो म्हणाला. "माझ्या घरातला एक थेंबही वीज न वापरता."

"आणि परवाना माझा. म्हणजे शेवटी सामना माझ्याच पैशावर!"

"पाहुणा आपला डबा घेऊन आला, तर यजमान फुकट जेवला असं होत नाही."

अडीचला खेळ सुरू झाला. एनिडने आल्याचा केक कापला. तो कुणी खाल्ला नाही. चौदाव्या मिनिटाला त्या श्रीमंतांनी गोल केला. रेजने कुबडी जमिनीवर आपटली. "हिची डावी बाजू! डावी बाजू उघडी टाकली! पाच वर्षं सांगतोय!" मग फ्रेयाने एक अडवला, पाठोपाठ दुसरा बोटांच्या टोकांनी वर ढकलला, आणि एनिड किंचाळली, "रेज! बघितलंस? मांजर आहे मांजर!" सत्तराव्या मिनिटाला आमच्या गावच्या दवाखान्यातल्या नर्सने डोक्याने गोल केला, तेव्हा शेजारच्या दोन्ही भिंतींतून एकदम ओरडा आला. पूर्ण रस्ता पाहत होता. रेज अकरा दिवसांच्या खुब्यावर अर्धा उठला.

"बस खाली!" एनिड ओरडली. "टाके उसवतील!"

"उसवू देत!"

नव्वद मिनिटे संपली तेव्हा एक-एक होते, आणि टॅबच्या कोपऱ्यात बावीस टक्के.

हा टॅब सहा वर्षांचा होता. घरी तो सतत चार्जरला लावलेला असे, त्यामुळे त्याच्या बॅटरीचा दम किती उरला आहे हे मला ठाऊकच नव्हते. जादा वेळेची तीस मिनिटे जाहीर झाली, तशी एनिडने पडद्याचा उजेड अगदी कमी केला. सामना धुक्यात बुडाल्यासारखा दिसू लागला. कोणती मुलगी कुणाची ते कळेना. रेज नाक पडद्याला लावून बसला.

"पंधरा," एनिड म्हणाली. थोड्या वेळाने, "अकरा."

"आकडे वाचू नकोस!"

"मग काय वाचू? प्रार्थना?"

जादा वेळही गोलावाचून संपली. पेनल्टी. टॅबवर सहा टक्के.

मी माझ्या पिशवीतून चार्जर काढला. टेबलाच्या पायाशीच भिंतीत प्लगची जागा होती. मी वाकलो, तेवढ्यात रेजची कुबडी माझ्या मनगटावर आडवी आली.

"स्टॅन, ते भिंतीत गेलं की हा टॅब माझ्या घरातला बिनपरवान्याचा टीव्ही झाला."

"पाच मिनिटांसाठी? कोणाला कळणार आहे रे?"

"मला."

मग मला पॉवर बँक आठवली. पिशवीच्या तळाशी ती होती, भरलेली. मी ती विजयाने वर धरली. "ही घे. भिंत नाही, तार नाही. बॅटरीच आहे."

रेजने तिच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर यातना उमटल्या. "कलमात अंतर्गत म्हटलंय," तो म्हणाला. "ही बाहेरची आहे."

"अरे देवा!" एनिडने दोन्ही हात वर केले. "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही याचा! पोर तिकडे उभी आहे रे!"

ती उभी होती. धुक्यातही दिसत होती. पिवळा सदरा, दोन्ही हात पसरलेले. पहिली पेनल्टी त्यांनी मारली, आत. आमची आत. दुसरी त्यांची बारच्या वरून गेली, आणि भिंती पुन्हा गरजल्या. मग आमचीही एक हुकली. तिसरी दोघांची आत, चौथी दोघांची आत. तीन टक्के. पाचवीपूर्वी फ्रेया गोलरेषेवर आली आणि तिने मान वळवून जाळ्यामागे पाहिले. तिथे जाहिरातींची पाटी होती. तिने तरी पाहिले.

रेजने टेबलावरचा फोन ओढला.

"एनिड, माझं पाकीट. आतलं कार्ड. स्टॅन, चार्जर हातात धर, पण लावू नकोस. मी सांगेपर्यंत लावू नकोस!"

परवाना कार्यालयाचा फोन नंबर त्याला पाठ होता. बारा वर्षे तो त्याच लोकांशी पत्रव्यवहार करत होता. पलीकडून यंत्राचा शांत आवाज आला. रेज बटणे दाबू लागला. एक डोळा पडद्यावर, एक कार्डावर. पिन कोड. घर क्रमांक. पाचवी त्यांची: आत. "आत गेली!" मी ओरडलो. "गप!" तो ओरडला, "सोळा आकडे आहेत!" पाचवी आमची. आत! चार-चार. आता एकेका फटक्याचा खेळ, हुकेल तो घरी जाईल.

यंत्र म्हणाले, अटी ऐकायच्या असल्यास दोन दाबा.

रेजने दोन दाबले.

"रेज!!" एनिडने त्याच्या खांद्यावर गुद्दा मारला.

"न ऐकता सही कशी करू?"

"मी करते! मला दे! मी सांगते त्याला तुझ्या अटी!"

अटी सावकाश सुरू झाल्या. पडद्यावर त्यांची सहावी मुलगी चेंडू ठेवत होती. ती चार पावले मागे गेली. फ्रेया गुडघ्यांत वाकली. मुलगी धावली...

टॅब काळा झाला.

आम्ही तिघे त्या काळ्या काचेत एकमेकांची तोंडे पाहत बसलो. मग डावी भिंत गरजली, उजवी गरजली, खालच्या रस्त्यावर कुणीतरी खिडकी उघडून मोठ्याने ओरडले. काय झाले? आनंद की राग? आमच्या गावात दोन्ही आवाज सारखेच.

यंत्र म्हणाले, एकशे चौऱ्याहत्तर पौंड पन्नास पेन्स, मान्य असल्यास एक दाबा.

रेजने एक दाबला. इतक्या जोराने, की फोन टेबलावरून घसरला. तो त्याने पकडला, कानाला लावला, हात वर केला. मी जमिनीवर गुडघे टेकून, चार्जर हातात धरून, त्या हाताकडे पाहत राहिलो. त्याचा हात वरच राहिला. शेवटपर्यंत ऐकले त्याने, संदर्भ क्रमांकासकट, आणि तो एनिडच्या हातातल्या केकच्या कागदावर लिहूनही घेतला.

"लाव!"

मी लावला. काचेवर एक रिकामी बॅटरी उमटली आणि तिथेच लुकलुकत राहिली. "चालू हो गं बाई," एनिड तिला म्हणाली, "चालू हो, चालू हो." पुन्हा काळोख. मग पांढरी खूण. मग, भर उजेडात, हिरवेगार मैदान.

मैदानाच्या मधोमध पिवळा सदरा चालला होता. गोलकडे नव्हे. चेंडूकडे.

"ती अडवली!" मी म्हणालो. कोपऱ्यातले आकडे सांगत होते. त्यांची सहावी पेनल्टी आत गेलीच नव्हती. "रेज, तिने ती अडवली!"

पण रेजला ते ऐकू आले नाही. "ही कुठे चालली? हिला लाथ मारायला कोणी सांगितलं? मी हिला आयुष्यात लाथ शिकवली नाही!"

फ्रेयाने चेंडू ठेवला. मागे पाहिले नाही. पावलेही फार मोजली नाहीत, तीन-चार असतील. टपालपेटीत पाकीट टाकावे तितक्या साधेपणाने तिने चेंडू डाव्या कोपऱ्यात सारला आणि त्यांची गोलरक्षक उजवीकडे पडली.

रेज उठून उभा होता, दोन्ही कुबड्या जमिनीवर पडलेल्या. एनिड त्याला खाली बसवण्याऐवजी त्याला धरून नाचत होती. मीही काहीतरी ओरडत होतो. काय, ते मला सांगता येणार नाही. पडद्यावर सगळ्या मुली त्या पिवळ्या सदऱ्यावर पडल्या होत्या आणि ढिगातून एक हातमोजा वर आला होता. रेज त्या हातमोज्याकडे तोंड उघडे ठेवून पाहत होता. त्याच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होते, आणि ते त्याने पुसले नाही.

नंतर, तो खुर्चीत टेकला, एनिडने त्याच्या पायाखाली उशी दिली, आणि पडद्यावर फ्रेया धापा टाकत कुणाशी तरी बोलू लागली, तेव्हा मी माझी संधी साधली.

"बोल, मेहुणेबुवा. बारा वर्षांनी विचारतो. द्यावे की नाही पैसे?"

त्याने हात वर केला, म्हणजे नात बोलते आहे तोवर थांब. ती बोलून गेली. मग त्याने केकचा कागद उचलला, संदर्भ क्रमांक पुन्हा एकदा वाचला आणि घडी करून तो पाकिटात ठेवला.

"शुल्क वाजवी आहे," तो म्हणाला. "सक्ती अजूनही चूक आहे."