नोंदलेला असल्यास

तिने पडद्यावरचं वाक्य खोडून पुन्हा लिहिलं आणि खुर्ची सरकवून बाईंना जागा करून दिली.

बाई संध्याकाळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा मोठ्या माणसांची. घरची-दारची कामं उरकून लोक इथे वाचायला, शिवायला, हिशेब शिकायला येत. शाळेची वेबसाइट नुकतीच सुरू झाली होती आणि अर्धेअधिक विद्यार्थी आपापला पासवर्ड विसरूनही बसले होते. तो बदलून घेण्याचं पान तयार करायला तिला बोलावलं होतं.

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून मोठ्याने वाचलं, "'हा ईमेल आमच्याकडे नोंदलेला असल्यास त्यावर लिंक पाठवली आहे.' असल्यास? म्हणजे आहे की नाही?"

"तेच मुद्दाम सांगायचं नाही, बाई."

"अगं, मग चुकीचा ईमेल टाकणारा बिचारा वाट बघत बसेल. सरळ सांगावं, असा ईमेल आमच्याकडे नाही म्हणून."

"तसं केलं तर कुणीही दुसऱ्याचा ईमेल टाकून बघेल, तो माणूस इथे शिकतो का ते."

"बघू दे की! शिकणं हा काय गुन्हा आहे?"

यावर तिच्याकडे जे उत्तर होतं ते सगळं यंत्राच्या भाषेतलं होतं. ती शब्द जुळवत असतानाच कपाटात कागद लावणाऱ्या कारकूनबाई वळल्या.

"गुन्हा नाही हो, पण आपल्याकडची एकजण घरी सांगून येते, गुडघा शेकायला दवाखान्यात जाते म्हणून. सासूला कळलं तर गुडघा त्याच दिवशी बरा होईल."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी पडद्यावरचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

"आणि मेल आला नाही म्हणून फोन येतील, ते कोण घेणार?"

"आता तरी कोण घेतं? मीच ना?" कारकूनबाई म्हणाल्या.

"मग राहू दे तुमचं 'असल्यास'," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

तिने पान सुरू केलं. आधी कारकूनबाईंचा नोंदलेला ईमेल टाकून पाहिला. लिंक लगेच आली. आता न नोंदलेला हवा होता, त्यावर काहीही जाता कामा नये. तिने बाबांचा टाकला. तो तिनेच त्यांना उघडून दिला होता, आणि चुकून काही गेलंच तर घरी कळणार होतं. शिवाय बाबा आणि शाळा यांचं कधी जमलं नव्हतं. उभा जन्म त्यांनी बंदरावर क्रेन चालवली. निवृत्तीनंतर तिने एकदा शाळेचं नाव काढलं, तेव्हा म्हणाले होते, "आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता हातात पाटीपेन्सिल कुठे देतेस?"

पडद्यावर तेच वाक्य उमटलं. समाधानाने तिने लॅपटॉप मिटला.

घरी आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात कोबी चिरत होते. तिला पाहून त्यांनी सुरी खाली ठेवली.

"चिमणे, एक विचारू? माझ्या एका मित्राला मेल आलाय. पासवर्ड बदला म्हणतात. त्याने तर काही मागितलं नव्हतं."

चपला काढता काढता ती थबकली. मेल गेला होता! तिने तिथेच स्टुलावर बसून लॅपटॉप उघडला आणि लिहिलेलं ओळीने तपासलं. चूक सापडेना. परत पाहिलं. चूक नव्हतीच. जो नोंदलेला नाही, त्याला हे पान मेल पाठवतच नव्हतं.

तिने मान वर केली. बाबा ओट्याशी पाठमोरे उभे होते, कोबीची चिरून झालेली पानंच उगाच सारखी करत होते.

नावांची यादी तिला उघडता येत होती. कोणता वर्ग, कधीपासून, सगळं तिथे होतं. तिचं बोट कळफलकावर क्षणभर रेंगाळलं. मग तिने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

"मित्राला सांगा, काही करू नका म्हणावं. कुणीतरी पान तपासून बघत असेल. जुना पासवर्ड चालू राहील."

"पण त्या बघणाऱ्याला कळलं असेल का? म्हणजे, हा तिथे जातो ते?"

"पान कुणाला काही सांगत नाही, बाबा."

"घरच्यांनासुद्धा?"

"मित्राने स्वतः सांगितल्याशिवाय नाही."

बाबांनी मान डोलावली. हात धुतले, पुसले. "बरं आहे. त्याला सांगतो. फार घाबरला होता." मग खुंटीवरची पिशवी घेतली. "मी जरा चक्कर मारून येतो."

चक्कर मारायला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशाला दोन पेनं होती.

"सावकाश या," ती म्हणाली. "मी जेवायला थांबते."

दार लोटलं गेल्यावर तिने सुरी उचलली आणि उरलेला कोबी चिरायला घेतला.