देवमाशांचा अर्ज

अर्ज अंजनाच्या हातचा होता, म्हणून पुण्याचे साहेब जीपमधून उतरले तेव्हा सासूच्या पाठीआड सरकली तीही तीच.

धरण भरलं की जाखमातेची टेकडी पाण्यात बेट होऊन बसे. बेटाच्या कडेला हात-हातभर मासे, सगळे जाखमातेचे. त्यांना कुणी जाळं लावायचं नाही, हा वाडीचा रिवाज. रविवारी भोरहून, पुण्याहून माणसं ते बघायला यायची. वहाणा अलीकडच्या काठावर, होडीत एका खेपेला पाचजण, माशांना फक्त भाकरीचा चुरा, असे नियम होते. दिवाळीत एकाने शेव टाकली, तर अंजनाच्या सासूबाई, भामाबाई, त्याला बेटावर तसाच सोडून परत आल्या. दोन तासांनी त्यांचा भाचा सोनबा होडी घेऊन गेला, तेव्हा तो गृहस्थ माशांची हात जोडून माफी मागत होता.

आता धरणातल्या मासेमारीचा ठेका निघणार होता, आणि ठेकेदाराचं जाळं काही जाखमातेला विचारून पडणार नव्हतं. बेटाभोवतीचं पाणी ठेक्यातून सोडवायचं, तर अर्ज करायला हवा होता. भामाबाई सांगत होत्या, बी. ए. झालेली सून लिहीत होती आणि अडीच वर्षांची मंदा शाईच्या दौतीकडे सरकत होती. अंजनाचा एक डोळा कागदावर, दुसरा दौतीवर.

"लिव्ह, आमच्या बेटापाशी देवमासं हाईत."

'आमच्या बेटापाशी देवमासे आहेत,' अंजनाने लिहिलं. काहीतरी खटकलं, पण तेवढ्यात दौत कलंडली.

देवमासा म्हणजे समुद्रातला तो घराएवढा व्हेल, हे तिला आठवलं पाच दिवसांनी, मंदाला न्हाऊ घालताना. तोवर अर्ज पुण्याला मत्स्य खात्याच्या कचेरीत पोचला होता.

जीपमधून उतरलेल्या मानसिंगराव साहेबांच्या गळ्यात दुर्बीण आणि खांद्याला कॅमेरा होता. परदेशात एका बेटाभोवतीचं समुद्री उद्यान ते नुकतंच बघून आले होते. होडीत बसल्याबसल्या त्यांनी त्याचं वर्णन सुरू केलं. अंजनाने पदराचं टोक मंदाच्या कमरेला बांधलं होतं. लेकीला सांभाळताना तिला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं.

"तिथं होडीचा तळ काचेचा असतो. बसल्या जागी खालचे मासे दिसतात."

वल्हं मारणाऱ्या सोनबाने आपल्या होडीचा तळ न्याहाळला. "आमच्यातबी दिसत्यात की, सायेब. जरा पाणी आत येऊंद्या."

अंजनाने मंदाला उचलून मांडीवर घेतलं.

"दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात. तुम्ही किती सोडता?"

"मामीला पटतील तेवढी," सोनबाने भामाबाईंकडे मान वळवली. "कवाकवा एकबी न्हाई."

बेटावर उतरताच साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावून दूरवरचं पाणी धुंडाळायला सुरुवात केली. "देवमासा कुठल्या बाजूला दिसतो?"

"तिकडं काय बगताय? हितं पायाशी बगा." भामाबाईंनी चुरा फेकला. पाणी उकळल्यासारखं झालं आणि दहा-बारा काळसर पाठी वर आल्या. "ह्यो देवमासा. ह्योबी. आन् त्यो पलीकडचा जरा लाजाळू हाय."

साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. "एवढाच?"

"एवढाच म्हंजी? हातभर हाय!"

साहेब एका दगडावर बसले. "कचेरीत मला हसत होते. गोड्या पाण्यात देवमासा? मी म्हटलं, अज्ञात जात असेल! आता काय तोंड दाखवू? हा अर्ज फेटाळतो आणि मोकळा होतो."

अंजना पुढे झाली. अर्ज फेटाळला तर आठवडाभरात इथं जाळं पडणार, तेही तिच्या अक्षरामुळे. "साहेब, चूक माझी आहे. 'देवाचा मासा' लिहायचं होतं. मधला चा राहिला."

"म्हणजे नुसता एक चा राहिला?"

"राहिला?" भामाबाई दचकल्या. "आगं बया! व्हय की! सायबाला चा दिलाच न्हाई! सोनबा, नुस्ता बगतोस काय? चूल मांड!"

साहेब इतके हसले की खांद्यावरून कॅमेरा घसरला.

तीन दगडांवर चहा होईपर्यंत त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात पाय सोडले आणि भामाबाईंकडून भाकरी मागून घेतली. एका माशाने थेट त्यांच्या बोटांतून तुकडा नेला. साहेब लहान पोरासारखे ओरडले, आणि आणखी भाकरी मागितली.

"तिथं इतके जवळ येत नाहीत," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तिथं पहारेकरी आहेत, बोटी आहेत, छापील नियम आहेत. तुमच्याकडे काय आहे?"

"म्या हाय," भामाबाई म्हणाल्या.

चहा पिऊन झाल्यावर साहेबांनी गुडघ्यावर अर्ज ठेवला, 'देव' आणि 'मासे' यांच्या मध्ये, ओळीच्या वर, बारीक अक्षरात दुरुस्ती केली, खाली चार ओळींचा शेरा लिहिला, झोकदार सही केली आणि कागद खिशात घालायला लागले.

"साहेब," अंजना म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तीच घाबरली, पण हात पुढे झाला होता. "एकदा वाचू द्याल?"

तिने ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. मंदा पदराला हिसके देत होती. अंजनाने या वेळी मान वर केली नाही. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"बेटाभोवतालचे पाणी ठेक्यातून 'वळावे' झालंय, साहेब. 'वगळावे' हवं होतं ना?"

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग मुकाट्याने पेनाचं टोपण काढलं.